कागदावर प्रोटीन २४ टक्के, तरी गिरीराज वाढेना. जातं कुठे?

कोंबडीवाली_दापोली

नमस्कार मंडळी. दापोली तालुक्यात घरामागे शेड आहे, साडेचारशे गिरीराज जातीचे पक्षी. नर मांसासाठी विकते, थोड्या माद्या अंड्यांना ठेवते. गेल्या बॅचपर्यंत तयार खाद्याच्या गोण्या आणायचे. भाव बघून या वेळी खाद्य घरीच करायचं ठरवलं.

शंभर किलोला माझं माप असं: मका ४०, तांदळाचा कोंडा १०, कणी ६, सोया डीओसी (तेल काढलेली सोयाबीनची पेंड) २८, हर्णै बंदरावरची सुकी मासळी १२ आणि शिंपल्याची पूड ४ (हाडं मजबूत व्हावीत म्हणून). वरून मिनरल मिक्श्चर आणि ३०० ग्रॅम मीठ. सगळं गावातल्या गिरणीत एकत्र दळून आणते. नमुना तपासायला दिला होता, रिपोर्टात "कच्ची प्रथिने २४.१ टक्के". गोणीवर तर २०च लिहिलेलं असायचं.

आता सातवा आठवडा संपतोय. सरासरी वजन ७२० ग्रॅम. मागच्या बॅचला या वयात पक्षी किलोला टेकला होता. खातात भरपूर, पाणी तर विचारू नका, सारखे पाण्याच्या निपलला लटकलेले. विष्ठा पातळ. तूस दिवसाआड खालीवर करते तरी ओलं, आणि सकाळी शेडचा पडदा वर केला की अमोनियाने डोळे चुरचुरतात. लसी सगळ्या वेळेवर झाल्यात. परवा एक मेला तो यांनी कापून बघितला: पेटा (दाणा दळणारं पोट) अगदी लहान नि लिबलिबीत, आतड्यात पातळ पिवळसर पाणी.

शेजारचे काका म्हणतात मासळी वाढव, प्रोटीन २६ वर ने. औषधवाला म्हणतो कॉलिस्टिन दे, आतडं साफ होईल. प्रोटीन कमी म्हणावं तर कागदावर २४ आहे. मग जातं कुठे?

सांगलीकर_शेड

ताई, मासळी अजिबात वाढवू नका. माझं ब्रॉयलरचं काम आहे, इंटिग्रेशनवर म्हणजे कंपनीच्या करारावर, त्यामुळे खाद्याची भानगड कंपनीची. पण एक विचारतो: सातव्या दिवसाचं वजन घेतलं होतं का? आमच्यात बेचाळीस ग्रॅमचं पिल्लू सातव्या दिवशी त्याच्या चौपट, साडेचौपट व्हायला हवं. नाही झालं तर ती बॅच पुढे कितीही खाऊ घाला, रडतच चालते.

कारण पहिल्या आठवड्यात अंगापेक्षा आतडं जास्त वेगाने वाढतं. अंड्यातून येताना पिल्लाच्या पोटात पिवळ्या बलकाची शिल्लक असते, तिच्यावर तो एक-दोन दिवस निभावून नेतो, पण आतड्याला वाढीची खरी हाक दाणा पोटात पडल्यावरच लागते. हॅचरीतून गाडीला उशीर झाला, पिल्लं उपाशी राहिली, की आतड्यातली लव (अन्न शोषणारी बारीक केसाळ झालर) आखूड राहते. गिरीराज ब्रॉयलरइतका नाजूक नाही हे मान्य, पण पिल्लाचं आतडं ते पिल्लाचंच आतडं.

आणि खाद्य बदललं ते पहिल्या दिवसापासून की मध्येच?

कोंबडीवाली_दापोली

पहिले तीन आठवडे तयार स्टार्टरच दिला. तोवर वजन ठीक होतं. घरचं खाद्य चौथ्या आठवड्यापासून.

जुना_मिक्सरवाला

मग पिल्लांवर खापर नको. ताई, तुमचं माप वाचून मला माझ्या खाद्याच्या मिलचे दिवस आठवले. उभं आयुष्य फॉर्म्युले लिहिण्यात गेलं. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आधी तो २४.१ चा कागद. प्रयोगशाळा प्रोटीन मोजत नाही, नायट्रोजन मोजते आणि त्याला ६.२५ ने गुणते. मग तो नायट्रोजन सोयाचा असो, माशाच्या खवल्यांचा असो, पिसांचा असो, सगळा एकाच पावतीवर येतो. युरियात ४६ टक्के नायट्रोजन. शंभर किलो मासळीच्या कुट्यात किलोभर युरिया घातला की कागदावर पावणेतीन टक्क्यांहून जास्त प्रोटीन वाढतं, आणि कोंबडीच्या अंगाला त्यातलं काडीचंही लागत नाही. फिशमीलच्या धंद्यात हे आजचं नाही. तुम्ही बंदरावरून स्वतः आणता म्हणून तुमच्यावर तो संशय नाही. पण खाद्यात प्रोटीन किती हे कागद सांगतो, कोंबडीला त्यातलं मिळालं किती हे तिचं आतडं ठरवतं. आणि तुमच्या खाद्याने त्या आतड्याची प्रत्येक मुक्कामावर अडवणूक केलीये.

पहिला मुक्काम पेटा. मेलेला पक्षी कापलात हे फार चांगलं केलंत, लोक खड्ड्यात टाकून मोकळे होतात. पुढच्या वेळी पेट्याच्या वरची बोटाच्या पेराएवढी जाड, मऊ नळीही बघा. चिकनवाला ती फेकून देतो. खरं जठर ते. आम्ल आणि प्रोटीन तोडणारं पेप्सिन तिथे सुटतं. पण अन्न तिथे थांबत नाही, लगेच पेट्यात उतरतं, आणि पेप्सिनचं काम मुख्यतः पेट्यात चालतं. कोंबडीला दात नाहीत, म्हणून पेटा चघळतो. चघळता चघळता माल परत वर ढकलतो, पुन्हा आम्ल लावून घेतो, पुन्हा खाली. दाणा भरड असेल तर तो बारीक होईपर्यंत पेटा त्याला सोडत नाही, आणि या कसरतीने त्याचे स्नायू जाड होतात. तुम्ही दिलंय पीठ. पिठाला अडवायचं कारणच नाही, ते सरळ खाली घसरतं. आम्लात मुरायला वेळ मिळत नाही, आणि काम नाही म्हणून पेटा लिबलिबीत. तुमच्या यांनी जे बघितलं ते हेच. तोंडातून गेलेला घास चार-पाच तासांत बाहेर पडायला लागतो हे लक्षात घ्या. गाईसारखी निवांत रवंथ नाही इथे. वरच्या मुक्कामावर जे राहिलं ते खाली भरून काढायला सवड नसते.

त्यात शिंपला. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. घरी चिमूटभर पुडीवर लिंबू पिळून बघा, फसफसेल. पेट्यात तेच होतं: आम्ल शिंपल्यावर खर्च होतं आणि पेप्सिन हात बांधून बसतं, त्याला चांगलं आंबट वातावरण लागतं. जास्तीचं कॅल्शियम अंड्यावरच्या कोंबडीला लागतं, खाद्यात साडेतीन-चार टक्के. वाढत्या पक्ष्याला एक टक्क्याच्या आसपास पुरतं. जास्तीचं मूत्रपिंडावर येतं. शिंपला आजच बंद. माद्या अंड्यावर आल्या की त्यांना वेगळ्या भांड्यात जाडा शिंपला ठेवा, हवा तेवढा त्या स्वतः उचलतात.

दुसरा मुक्काम पेट्यानंतरचं आतड्याचं वळण. आतडं यू आकारात वळतं आणि त्या वळणाच्या कुशीत फिकट गुलाबी, लांबट स्वादुपिंड असतं. ट्रिप्सिन वगैरे प्रोटीन तोडणारे रस तिथून येतात. प्रोटीनचे बारीक तुकडे आणि सुटी अमिनो आम्लं झाली की आतड्याची लव ती उचलते. आता कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिनलाच जखडून ठेवणारा पदार्थ असतो. डीओसी करताना वाफेने नीट भाजलं तर तो मरतो. भाजणी कच्ची राहिली तर तो जिवंत, मग स्वादुपिंड आणखी रस ओतत राहतं, फुगतं. तो रस म्हणजे सुद्धा प्रोटीनच, त्यात गंधकवाली अमिनो आम्लं भरपूर, आणि मका-सोयाच्या खाद्यात नेमकी तीच, मेथिओनिनवाली, सगळ्यात आधी तुटवड्यात असतात. म्हणजे पचवायला म्हणून पक्षी स्वतःच्या खिशातून खर्च करतो आणि पचत तर काही नाही.

उलट बाजूही आहे. डीओसी जळेपर्यंत भाजली तर लायसिन हे अमिनो आम्ल साखरेला चिकटून बसतं आणि पक्ष्याला मिळत नाही. रंग तपकिरी, वास करपट. कागदावर मात्र दोन्हीकडे ४६ टक्के.

घरच्या घरी बघा. काचेच्या बाटलीत दोन चमचे डीओसी, अर्धा चमचा शेतात टाकायचा युरिया, थोडं कोमट पाणी. झाकण घट्ट, हलवा, वीस मिनिटांनी उघडून वास घ्या, पण नाक बाटलीत घालू नका. कच्च्या सोयात युरिएज असतं, ते युरियाचा अमोनिया करतं. झणका आला तर भाजणी कच्ची. काहीच वास नाही आला तर कच्ची नाही एवढंच कळतं, करपलेली आहे का ते रंग आणि नाकच सांगेल. मिलमध्ये आम्ही युरिएजबरोबर पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये किती प्रोटीन विरघळतं तेही बघायचो. ७८ ते ८५ टक्के विरघळलं की माल आत घ्यायचो, फार कमी विरघळलं की ट्रक परत. आणि त्यावरून व्यापाऱ्याशी भांडण ठरलेलं.

तिसरी गोष्ट कुणी सांगत नाही. आतडं स्वतः पहिलं गिऱ्हाईक आहे. कोंबडीच्या वजनात त्याचा वाटा फार नाही, पण त्याचं आतलं अस्तर तीन-चार दिवसांत झडून नवं येतं. त्यासाठी लागणारं प्रोटीन रक्तात जायच्या आधीच तिथे वापरलं जातं. ग्लुटामेटसारखी अमिनो आम्लं तर आतडं जवळपास सगळी स्वतःच जाळून टाकतं. शिवाय अस्तरावर चिकट श्लेष्म्याचा थर असतो, त्यात थ्रिओनिन ठासून भरलेलं. आतडं शांत असेल तर हा खर्च बेताचा राहतो. आतडं चिडलं, मग ते बुरशीच्या विषाने असो, कॉक्सीने (आतड्यातल्या परजीवीच्या रोगाने) असो, की कच्च्या सोयाने, तर श्लेष्मा जास्त सुटतो, अस्तर जास्त झडतं. आधी आतडं जेवतं, मग छाती. तुमची मागची बॅच २० टक्क्यांवर किलोला का टेकली आणि ही २४ वर ७२० ग्रॅमला का अडली, ते इथे आहे.

आता उरलं ते जातं कुठे. लहान आतड्याच्या शेवटापर्यंत जे शोषलं नाही त्यातलं बरंचसं पुढे दोन आंधळ्या पिशव्यांत, सीकमध्ये, जाऊन सडतं. तिथले जंतू प्रोटीनचा अमोनिया आणि नाना घाणेरडे वायू करतात. क्लॉस्ट्रिडियमसारख्यांना तर मेजवानी. गाईचे जंतू रुमेनमध्ये, म्हणजे पहिल्या मोठ्या पोटात, आतड्याच्या आधी बसलेले. ते युरियापासून स्वतःचं प्रोटीन बनवतात आणि पुढे गाय त्यांनाच पचवते. कोंबडीचं स्वयंपाकघर पंगत उठल्यानंतर लागतं. तिथे शिजलेलं बहुतेक सगळं बाहेरच जातं. म्हणून कोंबडीला युरिया फुकट, आणि म्हणूनच अमिनो आम्लं किती पचली हे शास्त्रज्ञ विष्ठेत न बघता लहान आतड्याच्या टोकाला बघतात. विष्ठेपर्यंत जंतूंनी हिशेब बिघडवलेला असतो.

आणि जे शोषलं गेलं पण बेताल होतं, म्हणजे एखादं अमिनो आम्ल कमी आणि बाकीची ढीगभर, ती बाकीची अंगात साठवता येत नाहीत. यकृत त्यांचं यूरिक ॲसिड करतं. विष्ठेवरची पांढरी टोपी ती. तुसात पडली की जंतू तिचा अमोनिया करतात. सकाळी तुमच्या डोळ्यांत जातो तो मासळीचा पैसा आहे.

पाण्याचं तर सरळच आहे. मासळी खारवलेली असेल तर तिच्यात दहा टक्क्यांच्या वरही मीठ असतं. बारा किलो मासळीतून सव्वा किलो मीठ, वर तुमचे ३०० ग्रॅम. शंभर किलो खाद्याला सगळं मिळून तीनशे-चारशे ग्रॅमच लागतं. निपलला लटकणार नाहीत तर काय करतील? काकांचं ऐकून २६ वर नेलंत तर तुसात भात लावता येईल.

कॉलिस्टिनचं: जनावरांच्या खाद्यात आणि औषधात ते जुलै २०१९ पासून देशात बंद आहे. माणसाच्या दवाखान्यात शेवटचं हत्यार म्हणून राखून ठेवलेलं औषध ते. अजून कुणी विकत असेल तर त्या दुकानात जाऊच नका.

गावठीच_बरी

एवढं सगळं वाचून दमलो. आमची आजी उकिरड्यावर कोंबड्या सोडायची, मूठभर तांदूळ फेकायची. तिने कुठे अमिनो आम्लं मोजली होती? गिरीराज, वनराजा ही सगळी सरकारी थेरं आणि त्यातून निघालेली दुकानदारी.

जुना_मिक्सरवाला

आजीच्या कोंबड्या मोजत नव्हत्या, निवडत होत्या. वाळवी, गांडुळं, शेणातल्या अळ्या, कोवळा पाला, आणि पेट्यासाठी खडे. वाळवी म्हणजे उत्तम प्रोटीन, तेही न दळलेलं. आठ-दहा कोंबड्यांना परडं पुरतं. ताईंच्या साडेचारशेंना अख्खी वाडी पुरायची नाही, आणि आजीचा कोंबडा किलोभर व्हायला किती महिने घ्यायचा तेही सांगा. एक मात्र तुमचं खरं, खड्यांत चरणाऱ्या कोंबडीचा पेटा बघावा. दगडासारखा घट्ट. तुकडे करताना सुरी अडते.

व्हेट_पीजी

वरचं सगळं पटलं, फक्त एक धागा सोडू नका: कॉक्सीडिओसिस. कोकणात, ओल्या तुसात, चार ते सात आठवड्यांचा पक्षी म्हणजे त्याचा हंगामच. रक्ताची विष्ठा दिसली तरच कॉक्सी असं धरून चालू नका. रक्त जास्त करून सीकमधल्या टेनेला जातीत दिसतं. आतड्याच्या पहिल्या वळणात असर्व्ह्युलिना नावाची जात असते, तिच्यात रक्त दिसतच नाही, फक्त अस्तरावर पांढरे आडवे चरे उठतात आणि पक्षी वाढत नाही. पहिल्या वळणाची लव खराब झाली म्हणजे अमिनो आम्लं उचलणारे हातच गेले.

पुढचा पक्षी मेला तर आतडं लांबीत चिरा, पाण्याने हलकेच धुवा, उजेडात बघा. किंवा ताजी विष्ठा तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, सूक्ष्मदर्शकाखाली परजीवीची अंडी दिसतात. औषध लागलं आणि डॉक्टरांनी ॲम्प्रोलियम दिलं तर त्या दिवसांत पाण्यातून बी कॉम्प्लेक्स देऊ नका. ॲम्प्रोलियम बी-१ ची नक्कल करून परजीवीला फसवतं. तुम्ही खरं बी-१ ओतलंत की औषध वाया. लोक सर्रास दोन्ही एकत्र देतात आणि मग औषध चालत नाही म्हणतात.

सीकबद्दल एक. त्याची विष्ठा वेगळी ओळखू येते, गडद तपकिरी, चिकट, उग्र वासाची, दिवसात मोजक्याच वेळा. ती दिसली म्हणून घाबरू नका, ती हवीच. नेहमीची विष्ठा पाण्यासारखी होते का आणि त्यात दाण्याचे कण तसेच येतात का, ते बघा.

कोंबडीवाली_दापोली

तुम्हा सगळ्यांचे आभार. बाटलीचा प्रयोग केला. झाकण काढलं आणि अक्षरशः डोक्यात झिणझिण्या आल्या, सासूबाई ओटीवरून ओरडल्या काय सांडलंस म्हणून. तुलनेसाठी ओळखीच्या एका शेडवरून वाटीभर डीओसी आणली, तिला अगदी मंद वास. रंगही वेगळा, माझी फिकट पिवळी, हाताला पिठूळ, तोंडात टाकली तर कच्च्या वालासारखी तुरट. त्यांची सोनेरी, खमंग.

मासळी चाखली. खारवलेलीच आहे. त्या मावशी म्हणाल्या पावसाळ्यासाठी ठेवायची म्हणून मीठ लावलेली, बिनमिठाची वेगळी सांगावी लागते.

विष्ठा दवाखान्यात दिली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या थोडी अंडी आहेत, फार नाहीत, पण तूस ओलं असेतो वाढत जातील. ॲम्प्रोलियम दिलंय, बी कॉम्प्लेक्स बंद ठेवलंय (चालूच होतं!). शिंपला बंद. तूस वरचा ओला थर काढून नवं टाकलं.

आता दोन प्रश्न. नवीन माप कसं धरू? आणि ही कच्ची डीओसी अजून दीड गोणी पडून आहे, व्यापारी परत घेत नाही, म्हणतो "माल बघून नेलात". घरी परत भाजून वापरू का?

जुना_मिक्सरवाला

व्यापाऱ्याला म्हणावं माल बघून नेला, नाकाने नव्हता नेला. पुढच्या खरेदीला बाटली आणि युरिया पिशवीत घेऊनच जा, त्याच्या समोर करा.

माप, सातव्या आठवड्यानंतरच्या पक्ष्याला, चांगली डीओसी मिळाली तर: मका ५८, कणी १०, डीओसी २२, बिनमिठाची मासळी ५, कोंडा २. उरलेल्या तीन किलोत मिनरल मिक्श्चर, डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट), थोडी चुनखडी, मीठ २५० ग्रॅम, डीएल-मेथिओनिन सव्वाशे ते दीडशे ग्रॅम, लायसिन १०० ग्रॅम. रिपोर्ट काढलात तर १८-१९ टक्के येईल, आणि काका हसतील. हसू देत. कोंडा मुद्दाम कमी केलाय. त्यात फायटेट फार, ते प्रोटीनला आणि खनिजांना धरून ठेवतं, शिवाय कोकणच्या दमट हवेत त्याचं तेल लवकर खवट होतं. मेथिओनिन महाग वाटेल, पण दीडशे ग्रॅमने जे होतं ते सात किलो मासळीने होत नाही. ते आधी किलोभर भरड्यात नीट मिसळा, मग ढिगात, नाहीतर एका कोंबडीला सगळं आणि बाकीच्यांना रामराम.

गिरणीवाल्याला सांगा, मका वेगळा आणि भरड. मुठीत घेतलं की कण्या तळहाताला टोचल्या पाहिजेत. शेडच्या कोपऱ्यात ज्वारीच्या दाण्याएवढी खडी ठेवा, चुनखडीची नको, काळ्या दगडाची. खाद्य एका दिवसात बदलू नका, चार-पाच दिवसांत जुनं कमी, नवं जास्त असं करत न्या. पेट्याला जाड व्हायला थोडे दिवस लागतील. या बॅचचं गेलेलं वजन सगळं भरून येईल असं मी सांगणार नाही.

सांगलीकर_शेड

मेथिओनिन सुटं मिळत नाही हो सगळीकडे, पंचवीस किलोची पिशवी घ्यावी लागते. ताई, तुमच्याकडे दोन-चार शेडवाले मिळून घ्या. कोरड्या जागी, तोंड बांधून ठेवलं तर टिकतं.

जुना_मिक्सरवाला

बरोबर. आता कच्च्या डीओसीचं. कढईत भाजू नका, बाहेरून करपते आणि आत कच्चीच राहते. भिजवून अर्धा तास चांगली वाफ दिली तर तो ट्रिप्सिनवाला पदार्थ बराचसा निकामी होतो, पण पुढे वाळवणार कुठे? या हवेत दुसऱ्या दिवशी बुरशी धरेल आणि ते विष आणखी वाईट. घरी गाई आहेत का?

कोंबडीवाली_दापोली

दोन आहेत. एक गाभण, एक दुभती. एक महिन्याचं वासरूही आहे.

जुना_मिक्सरवाला

मग प्रश्न मिटला. दुभतीच्या आंबोणात रोज अर्धा-पाऊण किलोपर्यंत, हळूहळू वाढवत. मोठ्या जनावराच्या रुमेनमधले जंतू तो पदार्थ मोडून काढतात. वासराला अजिबात नको, त्याचं रुमेन अजून तयार नाही, त्याची गत तुमच्या कोंबड्यांसारखीच होईल. आणि गोठ्यात युरिया-गुळाची चाटणवीट टांगलेली असेल, किंवा पेंढ्याला युरिया लावत असाल, तर ही डीओसी संपेपर्यंत ते बंद. बाटलीत जे झालं ते गाईच्या पोटात व्हायला नको. एकदम सुटलेल्या अमोनियाने गाय तासाभरात आडवी होते.